बिघडलेला प्रक्षेपक व त्याची दुरुस्ती



रेडिओचीं यंत्रें दोन प्रकारचीं असतात: ऐकणारीं व बोलणारीं. ऐकणारा संच बिघडला तर हानि एका घरापुरती राहते. बोलणारा संच, म्हणजे प्रक्षेपक, बिघडला तर त्याचा दोष दूरदूरच्या लोकांच्या कानांत शिरतो. म्हणून प्रक्षेपकाची दुरुस्ती ही हातांची, तशीच सचोटीचीही परीक्षा आहे, असें आम्ही समजतों.

आपल्या मुंबईंतलेंच उदाहरण पाहा. दुसरें महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द केले व त्यांचीं यंत्रें जमा करण्याचा हुकूम सोडला. पण विद्या कशी जमा होणार? १९४२ च्या ऑगस्टांत राष्ट्राचे पुढारी तुरुंगांत गेल्यावर बावीस वर्षांच्या उषा मेहता व त्यांचे सहकारी ह्यांनीं गुप्त 'काँग्रेस रेडिओ' उभारला. त्याचा प्रक्षेपक नरिमन प्रिंटर ह्या जाणत्या हौशी बिनतारीवाल्यानें जुळविला. २७ ऑगस्ट रोजीं चौपाटीवरून ४२.३४ मीटर लांबीच्या लहरीवर पहिला आवाज निघाला. पोलिस मागावर असल्यामुळें जागा वारंवार बदलावी लागे. अखेर १२ नोव्हेंबर रोजीं धाड पडली व उषाबाईंना चार वर्षांची सजा झाली. प्रिंटर ह्यांनीं मात्र पोलिसांच्या हातीं सांपडल्यावर त्यांना त्या ठिकाणाचा पत्ता दाखविला. कौशल्य व निष्ठा ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

आतां थोडें गणित करूं. रेडिओलहर एका सेकंदांत सुमारें ३० कोटि मीटर जाते. ह्या संख्येस ४२.३४ नें भागिलें, तर सेकंदांतील कंपनें सुमारें ७० लक्ष ८५ हजार, म्हणजे ७.०८५ मेगाहर्ट्झ येतात. ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा आज आपल्या देशांत हौशी परवानाधारकांस मोकळा आहे. त्याच लहरीसाठीं अर्ध्या लांबीची एरिअल २१.१७ मीटर भरते. तारेच्या टोकांच्या परिणामामुळें ती व्यवहारांत शेंकडा पांच कमी, म्हणजे सुमारें २० मीटर घेतात.

अशा लहरीचा एक लहानसा प्रक्षेपक कोणी घाईनें जोडला, अशी कल्पना करा. एरिअल न जोडतांच कळ दाबली. आंतली शक्ति बाहेर पडूं शकली नाहीं. शेवटचा ट्रान्झिस्टर तापून जळाला. मग नवा घातला, तोही जळाला. येथें पुष्कळजण तिसरा ट्रान्झिस्टर विकत आणतात. परंतु भाग बदलणें म्हणजे दुरुस्ती नव्हे. दोष शोधणें म्हणजे दुरुस्ती होय.

पहिलें काम डोळ्यांनीं करावें. कथलाचा प्रत्येक डाग भिंगांतून पाहावा. चकचकीत डाग बहुधा चांगला. मळकट, खडबडीत डाग पुन्हां तापवून घ्यावा. वाळूवर घर बांधणाऱ्याचा दाखला तुम्हांस ठाऊक आहेच. कच्चे डाग म्हणजे यंत्राची वाळू होय. मग एरिअलऐवजीं ५० ओहमचा भार जोडावा. २०० ओहमचे, दोन वॅट सोसणारे चार रोध समांतर जोडले, कीं तो तयार होतो. तारेच्या वेटोळ्यांचे रोध मात्र घेऊं नयेत; तीं वेटोळीं लहरीला अडथळा करितात. आतां लहर उत्पन्न करणारा पहिला टप्पा एकटाच चालवून पाहावा; तो ठीक चालला, तरच पुढचा जोडावा.

प्रत्येक माप वहींत लिहावें. समजा, १२ व्होल्टांवर ०.३ अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणजे आंत ३.६ वॅट जातात. भारावर १० व्होल्ट मिळाले, तर १० चा वर्ग भागिले ५०, म्हणजे २ वॅट बाहेर येतात. उरलेल्या १.६ वॅटांची उष्णता होते. ती वाहून नेण्यास ट्रान्झिस्टरला ॲल्युमिनियमचा पत्रा हवा, हें वहीच सांगेल.

यंत्र चालूं लागल्यावर सुधारणा कराव्या, पण एका वेळीं एकच. बॅटरी उलटी जोडली गेल्यास बचाव व्हावा म्हणून एक डायोड घालावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट गाळणीची. ७ मेगाहर्ट्झच्या लहरीबरोबर १४ व २१ च्या नकोशा लहरीही निघतात व दुसऱ्यांच्या संभाषणांत घुसतात. वेटोळीं व धारित्रें ह्यांची गाळणी त्यांस अडविते. ती नसली तरी आपलें यंत्र बोलतें. त्रास होतो तो परक्याला. सचोटी म्हणतात ती हीच.

पालकांस दोन शब्द. हा अभ्यास बॅटरीवर करावा, विजेच्या तारांजवळ एरिअल बांधूं नये आणि गडगडाट होतांच काम थांबवावें. प्रक्षेपण मात्र परवान्याशिवाय करूं नये. बारा वर्षांवरील मुलांस केंद्र सरकारची परीक्षा देऊन तो मिळवितां येतो.

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां माणगांव, म्हसळें, श्रीवर्धन ह्या भागांत वीज व टेलिफोन अनेक दिवस बंद होते. अशा वेळीं एक बॅटरी, वीस मीटर तार व नीट दुरुस्त केलेला लहानसा प्रक्षेपक एका गांवाची हांक बाहेर पोंचवूं शकतो. ती हांक स्पष्ट जावी, ह्यासाठींच आज एकेक डाग नीट द्यावयाचा.