दारावर नाव : फिनलंडमधील बेघरांच्या पुनर्वसनाचा प्रयोग

दारूच्या अथवा अंमली पदार्थांच्या आहारी गेलेला आणि डोक्यावर छप्पर नसलेला मनुष्य समाजकल्याण यंत्रणेपुढे अवघड पेच उभा करतो. त्याला आधी व्यसनातून सोडवावे, की आधी घर द्यावे? बहुतेक देशांनी दीर्घकाळ पहिला मार्ग पत्करला. प्रथम रात्रनिवारा, तेथे न पिता राहिल्यास वसतिगृहातील खाट, उपचार पुरे केल्यावर देखरेखीखालील निवास आणि या सर्व पायऱ्या चढून गेलेल्यास अखेरीस घर, अशी ती रचना होती. वरकरणी ती न्याय्य वाटते. प्रत्यक्षात मात्र जो एकदा घसरला तो पुन्हा पहिल्या पायरीवर येई, आणि ज्याला घराची निकड सर्वाधिक, तोच घरापासून सर्वांत दूर राही.

फिनलंडची लोकसंख्या सुमारे 56 लाख, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याहूनही कमी. हिवाळा मात्र असा, की उघड्यावरची एक रात्रही जिवावर बेतते. या देशात 1985 मध्ये वाय-प्रतिष्ठान ही ना-नफा संस्था स्थापन झाली. ‘एकटा’ या अर्थाच्या फिनिश शब्दाचे आद्याक्षर तिने नाव म्हणून घेतले. मोठ्या नगरपालिका, रेडक्रॉस, चर्च व बांधकाम व्यावसायिकांची संघटना यांच्याबरोबरच मद्यविक्रीची मक्तेदारी असलेली सरकारी कंपनी आल्को हीदेखील तिच्या संस्थापकांत होती. घरखरेदीसाठी आरंभी मोठे अनुदान मिळाले ते जुगारयंत्रांच्या उत्पन्नातून. ज्या व्यवसायांतून माणसे उद्ध्वस्त होतात, त्यांच्याच पैशाचा काही भाग अशा रीतीने त्यांना घर देण्याकडे वळला, हे नमूद करण्याजोगे आहे. संस्थेने बेघरांसाठी वेगळी वसाहत उभारली नाही. सर्वसामान्य इमारतींत एक-एक सदनिका विकत घेऊन ती नगरपालिकेच्या साहाय्याने भाड्याने देण्याची पद्धत तिने स्वीकारली. आज तिच्याकडे 17 हजारांहून अधिक घरे आहेत.

तरीही दीर्घकाळ व्यसनाधीन असलेला गट बाहेरच राहिला. 2007 मध्ये चार जाणकारांच्या समितीने ‘दारावर नाव’ या शीर्षकाचा अहवाल सादर केला आणि 2008 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचे सूत्र असे, की घरासाठी व्यसनमुक्तीची अट घालावयाची नाही. रहिवाशाशी रीतसर भाडेकरार होतो. भाडे त्यानेच भरावयाचे असते व त्यासाठी शासकीय साहाय्य मिळते. शेजाऱ्यांना उपद्रव न देण्याचे बंधन इतर भाडेकरूंइतकेच त्याच्यावरही असते. समुपदेशक, परिचारिका व समाजसेवक त्याच्यापर्यंत पोहोचतात, परंतु उपचार नाकारला म्हणून घर जात नाही.

हेलसिंकी येथील आल्पिकातू रस्त्यावरील वसतिगृहाचे उदाहरण बोलके आहे. 1936 साली बांधलेली ही वास्तू साल्व्हेशन आर्मी, म्हणजे अहिल्यानगरच्या बूथ रुग्णालयामुळे आपल्याला परिचित असलेली मुक्तिफौज, चालवीत असे. तेथे सुमारे 250 खाटा होत्या. 2012 मध्ये त्याच वास्तूत 81 स्वतंत्र सदनिका तयार झाल्या. खाटेच्या जागी किल्ली आली, पत्ता आला. शहरभरातील निवाऱ्यांतील खाटा 2008 मध्ये 558 होत्या, त्या 2016 मध्ये 52 उरल्या. देशातील दीर्घकालीन बेघरांची संख्या 2008 ते 2015 या काळात सुमारे 35 टक्क्यांनी घटली.

येथे एक गैरसमज टाळणे अगत्याचे आहे. घर मिळाले म्हणजे व्यसन सुटले, असे नव्हे. या विचाराचा आरंभ ज्या न्यूयॉर्कमध्ये 1992 साली मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी केला, तेथील 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 80 टक्के रहिवासी घरात टिकून राहिल्याचे आढळले. व्यसनाच्या प्रमाणात मात्र जुन्या पद्धतीच्या गटाशी तुलना करता लक्षणीय फरक दिसला नाही. टीकाकार याला अपयश म्हणतात. ते पटण्यासारखे नाही, कारण अट न घालता घर दिल्याने व्यसन वाढेल ही भीतीही त्याच आकड्यांनी खोटी ठरविली. शिवाय ज्याचा पत्ता ठाऊक आहे, त्याच्यापर्यंत डॉक्टर पुन्हा जाऊ शकतो.

खर्चाचा प्रश्न उरतोच. टॅम्पेरे येथील एका निवासस्थानाच्या 2011 मधील अभ्यासात दर रहिवाशामागे वर्षाला सुमारे 14 हजार युरोंची बचत दिसून आली, कारण रुग्णालय, पोलीस व तातडीच्या सेवा यांवरील भार हलका झाला. परंतु ही व्यवस्था आपोआप चालत नाही. 2024 मध्ये तेथे घरभाडे साहाय्यात कपात झाली, आणि बेघरांची संख्या वर्षभरात 3,429 वरून 3,806 झाली.

महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये, म्हणजे वाय-प्रतिष्ठानानंतर एका वर्षाने सुरू झाले. रुग्णाच्या कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्यावर तेथे आरंभापासून भर आहे. आपल्याकडे व्यसनमुक्तीचा आधार बहुधा कुटुंबाचे घर हाच असतो. ज्याला घराने बाहेर काढले, वा ज्याला मुळातच घर नाही, त्याच्यासाठी तो आधार उपलब्ध नसतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 याने मद्य व अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. त्याच्या कलम 18 मध्ये अर्धवाट निवास व आधारयुक्त निवास यांची तरतूद शासनाने करावयाच्या सेवांत आहे. एखादा गावकरी उपचार संपवून परतला आणि त्याला राहण्यास जागा नसली, तर ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा समाजकल्याण कार्यालय यांना ज्या तरतुदीच्या आधारे मागणी करता येईल, ती हीच होय.