वजन उतरले, पण पोटात कळ

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी माझी वजन कमी करण्यासाठी बायपास शस्त्रक्रिया झाली. हल्ली मटणाचा रस्सा खाल्ला की उजव्या बरगडीखाली कळ येते. हे पित्तच का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नुसते पित्त समजून गोळ्या घेत बसू नका; पित्ताशयात खडे असू शकतात. वजन झपाट्याने उतरताना यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडते आणि पित्ताशय नीट रिकामे होत नाही. कराडला किंवा सांगली-मिरजेत उपाशीपोटी सोनोग्राफी करून घ्या. खड्यांमुळेच कळ येत असेल तर दुर्बिणीतून पित्ताशय काढतात. ताप, थंडी, कावीळ किंवा न थांबणारी कळ असेल तर लगेच रुग्णालय गाठा. तिथे बायपास झाल्याचे आवर्जून सांगा. पित्तनलिकेतला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढणे त्यामुळे अवघड होते.