ठिणगीची झीज

झीज म्हटलं की सहाणेवरचं चंदन आठवतं, चपलेची टाच आठवते. घासल्याशिवाय झीज नाही, असा आपला समज. रसायनाच्या पुस्तकातलं ‘क्षरण’ म्हणजे गंजणं. मला ज्याविषयी लिहायचंय ते या दोन्हींत बसत नाही, पण शब्द मी झीज हाच ठेवणार.

मोटारसायकलचा स्पार्क प्लग बघा. दोन टोकांत मिलिमीटरभराचीही फट नसते, तरी ती टोकं एकमेकांना शिकत नाहीत. इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल आणि दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी धरली, तर मिनिटाला 2000 ठिणग्या झाल्या. प्रत्येक ठिणगी जिथे टेकते तिथला कणभर धातू वितळतो, थोडा वाफ होऊन उडतो आणि मागे बारीक खड्डा राहतो. ठिणगीत ऊर्जा जास्त, तर खड्डा मोठा. धारदार कडा आधी जातात. मग फट वाढते, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि सकाळी किक मारून मारून पाय दुखतो!

मग उशिरा वितळणारा धातू घ्यावा, हे सरळ उत्तर. निकेल 1455 अंशांना वितळतं, प्लॅटिनम 1768, इरिडियम 2446. महागड्या प्लगच्या टोकाला इरिडियम असतं ते यामुळेच. पण टंगस्टन तर 3422 पर्यंत टिकतं, ते का नाही? कारण तापल्यावर ते ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि ते ऑक्साइड उडून जातं. उलट तांबं 1085 लाच वितळतं, तरी बऱ्यापैकी तग धरतं. उष्णता ते झटकन आत ओढून नेतं.

1943 च्या सुमारास मॉस्कोत बोरिस आणि नताल्या लाझारेन्को हे दांपत्य विजेच्या संपर्कांची ही झीज कशी थांबवावी, हे शोधत होतं. संपर्क तेलात बुडवून पाहिले. झीज थांबली नाही, पण ती आटोक्यात ठेवता येते हे दिसलं. तेव्हा त्यांनी प्रश्नच फिरवला: झिजतंच आहे, तर हवं तिथे झिजवू या. कडक पोलादात साचे कोरणारं स्पार्क मशीन यातून आलं.

गंमत म्हणजे जुनी अडचण तिथेही सुटली नाही, कारण कोरणारा इलेक्ट्रोडसुद्धा झिजतो. ठिणगी थोडी लांबवली आणि तांब्याच्या इलेक्ट्रोडला धन टोक जोडलं, तर तेलातल्या कार्बनचा पातळ थर त्याच्यावर बसतो आणि तेच त्याचं चिलखत होतं. कोपरे मात्र तरीही गोल होतात. त्यामुळे नेमक्या कामाला एकाच आकाराचे दोन इलेक्ट्रोड करतात: एक खडबडीत कोरायला, दुसरा शेवटचा हात फिरवायला.