कापराची पुरचुंडी

साताऱ्यातल्या एका घरात नातवाला सर्दी झाली, तेव्हा आजींनी आपल्या आईचाच उपाय केला. कोमट खोबरेलात कापूर विरघळवून छातीला-पाठीला चोळला. ओवा तव्यावर भाजला, कापरासोबत मलमलच्या फडक्यात बांधला आणि पुरचुंडी उशाशी ठेवली. बाळ १६ महिन्यांचं. दुपारी आजींचा जरा डोळा लागला, तेवढ्यात त्यानं गाठ सोडली. आजी जाग्या झाल्या तेव्हा त्याच्या तोंडाला कापराचा वास येत होता. थोड्याच वेळात बाळाचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले.

"ओकारी काढायला मी घशात बोट घालणार होते. सुनेनं हात धरला," आजी सांगतात.

सुनेनं केलं ते बरोबर. कापूर खाल्लेल्या मुलाला उलटी करवायची नसते. आकडीत ती श्वासनलिकेत जाऊ शकते. उरलेली पुरचुंडी घेऊन दोघी तडक रुग्णालयात गेल्या. बाळ दोन दिवस देखरेखीखाली राहिलं आणि सुखरूप घरी आलं.

कापूर शरीरात झपाट्यानं भिनतो. अर्धा-एक ग्रॅम पोटात गेला तरी लहान मुलाला आकडी येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. चोळलेला कापूर कातडीतूनही आत जातो. म्हणून दोन वर्षांखालच्या मुलाला कापराचं तेल किंवा बाम लावू नये. खडीसाखरेसारख्या दिसणाऱ्या कापराच्या वड्या आपल्याकडे देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, रांगत्या बाळाच्या हाताला येतील अशा असतात, हे फार धोक्याचं आहे.

मग करायचं काय? चोंदलेलं नाक आधी मोकळं करायचं. औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब दूध पाजण्यापूर्वी आणि झोपवण्यापूर्वी नाकात घालायचे. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. मोठ्या मुलाला कोमट पाणी, भाताची पेज, वरणाचं पाणी द्यायचं. वर्ष उलटलेल्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध द्यावा. अमेरिकेत २००७ साली १०५ मुलांवर झालेल्या अभ्यासात रात्रीचा खोकला मधानं कमी झाला होता. वर्षाच्या आत मात्र मधाचं बोटही नको, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. ओवा-वेखंडाची धुरी श्वासनलिकेला त्रासच देते. उकळत्या पातेल्यावरची वाफही नको, पातेलं कलंडून मुलं भाजतात.

खोकल्याचं औषध मनानं तर मुळीच देऊ नये. २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या भागात अशाच एका औषधातल्या डायएथिलीन ग्लायकॉलनं मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. उपचारांसाठी नागपूरला आणलेली कितीतरी मुलं वाचली नाहीत. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागानं बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाचाच्या आतही ती सहसा टाळावीत.

आजी आता शेजारच्या नव्या आयांना श्वास मोजायला शिकवतात. बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, ओठ निळसर दिसले किंवा बाळ दूध घेईनासं झालं, तर सकाळची वाट बघायची नाही.

परवा नातवाला पुन्हा सर्दी झाली. कापराची डबी आता माळ्यावर असते. आजी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसल्या, मोजलं, वहीत ३२ लिहिलं आणि तासाभरानं पुन्हा मोजायला बसल्या.