आधी एकक विचार, मग वेग

अरे, आता तू मुलुंड ते घाटकोपर घरोघरी फायबर जोडत फिरणार. स्प्लाइस कशी मारायची, राउटर कुठे लावायचा, हे तुला तुझे सुपरवायझर शिकवतील. हिशेब मात्र आत्याकडून घे. टेलिफोन एक्स्चेंजच्या ट्रान्समिशन रूममध्ये माझी उभी नोकरी या आकड्यांतच झाली.

‘शंभर’ ऐकलंस की विचार: शंभर काय? लाइनचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. बोलताना दोन्हींना लोक ‘एमबी’च म्हणतात आणि तिथेच वाजतं. १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलेल्या काकू डाउनलोडला १२ बघून तुझ्यावर तापतील. लाइन ठीकच असते: १०० भागिले ८, साडेबारा. कागदावर बारका ‘बी’ म्हणजे बिट आणि मोठा म्हणजे बाइट. पण छापणारे सर्रास घोळ घालतात, म्हणून नुसत्या अक्षरावर विसंबू नकोस.

तोंडी हिशेबाला दहाने भाग. डेटाच्या प्रत्येक पॅकेटला पत्त्याचं ओझं असतं, वायफायमध्येही थोडं गळतं. आठने भागून आलेला आकडा कागदावर शोभतो, दहाने भागलेला घरात खरा ठरतो.

लाइनवर हजाराची पायरी. केबीपीएसचे एमबीपीएस करायचे तर हजारानेच भाग. १०२४ चा पाढा संगणकाच्या मेमरीचा. १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दिसते ती त्यामुळेच, कुणी काही चोरलेलं नसतं. जुने करार वाचताना तर जपूनच. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस होतं, २०२३ पासून ती किमान रेघ २ एमबीपीएसवर आहे. शब्द तोच, वेग जवळपास आठपट.

६४ पाठ कर. फोनवरचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजायचा, दर मोजणीला ८ बिट. झाले ६४ केबीपीएस. असे ३२ कप्पे मिळून २०४८ केबीपीएस, म्हणजे आमची ई-वन, बोलताना ‘टू एमबी’. त्यात बोलणी तीसच जातात. एक कप्पा ताळमेळाला, एक सिग्नलिंगला. अमेरिकेची टी-वन वेगळी: २४ कप्पे, १.५४४ एमबीपीएस. अंधेरीला सीप्झमधल्या एखाद्या कंपनीच्या कागदावर ती दिसली तर ई-वन समजून पुढे जाऊ नकोस. तसंच, ६३ ई-वन ज्यात बसतात त्या एसटीएम-वनचा वेग १५५.५२ एमबीपीएस, पण ६३ ला २.०४८ ने गुणलंस तर १२९ च भरतात. बाकीचं देखरेख, पॉइंटर आणि भरतीच्या बिटांत जातं. लाइनचा वेग आणि आतला माल, दोन्ही वेगळे धरायचे.

तोच ६४ आज मोबाइलवर भेटतो. रोजचा डेटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ केबी. ३ एमबीचा एक फोटो सव्वासहा मिनिटं घेणार. फोन बिघडला नाही, एवढं समोरच्याला समजावता आलं पाहिजे.

वेगावरून साठा काढायला दोन आकडे पुरे. १ एमबीपीएस सलग तासभर चालला तर ४५० एमबी, दिवसभर चालला तर १०.८ जीबी. सोसायटीचे सेक्रेटरी विचारतील, “१६ कॅमेरे, ४ टीबीची डिस्क, महिनाभराचं रेकॉर्डिंग राहील ना?” प्रत्येक कॅमेरा २ एमबीपीएसचा असेल तर एकूण ३२, गुणिले १०.८, रोजचे जवळपास ३४६ जीबी. साडेअकरा दिवसांत डिस्क भरली. हे सभेआधी सांग, चोरी झाल्यावर नको. आणि सगळे कॅमेरे एकाच वेळी, याच दर्जाने बाहेरून बघायचे असतील तर अपलोडला ३२ लागतील. तिथे डाउनलोडचा आकडा पुढे करून वेळ मारून नेऊ नकोस.

९४ वर अडलं की आधी केबल बघ. प्लॅन २०० चा आणि टेस्ट ९४-९५ च्या वर हलत नाही, तर वाटेत कुठेतरी १०० चा पोर्ट आहे किंवा लॅन केबलची एखादी जोडी तुटली आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात. क्रिम्प पुन्हा मार, मग ऑफिसला फोन कर.

गिऱ्हाइकाला वेळ सांग. एमबीपीएसशी त्यांना काय करायचंय! सिनेमा कधी उतरेल ते हवं असतं. ४ जीबीचा सिनेमा, १०० ची लाइन: आठच्या हिशेबाने सव्वापाच मिनिटांवर थोडं, दहाच्या हिशेबाने पावणेसातच्या आत. तू सात सांग. सहात उतरला तर चहा मिळेल; पाच सांगून सहा लागले तर तक्रार येईल.