वाट दाखवणारा कुत्रा आणि आपण

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्ग येथे १९१६ साली वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. आपल्याकडे असे कुत्रे विरळाच. भिवंडीत असे पिल्लू तयार करायचे, तर यंत्रमागांचा खडखडाट, एस.टी. स्टँडची गर्दी यांची सवय त्याला हळूहळू लावावी लागेल. मात्र गर्दीत नेण्यापूर्वी पशुवैद्याकडून रेबीजसह सर्व लसी टोचून घ्याव्यात.

वाचकहो, असा कुत्रा कामावर असताना त्याला हाक मारू नका, थोपटू नका, बिस्किट देऊ नका. क्षणभर त्याचे लक्ष उडाले, तरी सोबतची अंध व्यक्ती उघड्या गटारात पडून खुब्याचे हाड मोडू शकते. मदत करायचीच असेल, तर त्या व्यक्तीला आधी विचारा. मुलांनाही हे शिकवा.