२१० वॅट, पण किती वेळ?

चि. मुक्तास,


तुझ्या सायकलच्या दोन्ही फाइल नीट पाहिल्या. टेस्टची वीस मिनिटं सरासरी २२१ वॅट, त्याचे ९५ टक्के धरून एफटीपी, म्हणजे तासभर टिकवता येतील असे वॅट, २१०. तुझ्या ५६ किलो वजनाला हा आकडा चांगलाच आहे. पण तो अंदाज आहे, हे विसरू नकोस. वीस मिनिटं जीव तोडून चालवलीस आणि त्यावरून तासाभराचा हिशेब मांडला. प्रत्यक्ष तास कुणी मोजलाच नाही. एकाच एफटीपीच्या दोघींपैकी एक पस्तीस मिनिटांत गळते, दुसरी तासभर रेटते. तू सध्या पहिलीच्याही अलीकडे आहेस.

पसरणी घाटाची फाइल बघ. वाईहून पाचगणी म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ. २०० वॅटनं तुला चाळीसेक मिनिटं लागायला हवीत. सुरुवातीची तीन मिनिटं सोडली तर विसाव्या मिनिटापर्यंत सगळं आलबेल आहे. चोविसाव्या मिनिटालाही वॅट २०५च आहेत, पण हृदयाचे ठोके १६८वरून १८१वर गेलेत आणि केडन्स, म्हणजे मिनिटाला पॅडलचे फेरे, ८६वरून ७१वर आलाय. तू मला लिहिलंस, ‘मावशी, अचानक पाय संपले.’ अचानक काही झालेलं नाही. सहजासहजी न थकणारे स्नायुतंतू दमू लागले की शरीर पटकन थकणारे तंतू कामाला लावतं. ते त्याच वॅटसाठी जास्त प्राणवायू आणि जास्त साखर खातात. वॅटचा आकडा तोच राहतो, त्याची किंमत मात्र मिनिटागणिक वाढत जाते.

म्हणून पुढचे दोन महिने एफटीपी वाढवायच्या मागे लागू नकोस. वॅट आहेत तेवढेच ठेव, वेळ ताण. मंगळवारी आणि शुक्रवारी १९० ते २०० वॅटवर तीनदा बारा मिनिटं, मध्ये पाच मिनिटं हलकं. ते अंगवळणी पडलं की तीनदा पंधरा, मग दोनदा वीस, तीनदा वीस, दोनदा तीस आणि शेवटी सलग चाळीस. सोपं वाटलं म्हणून २१५ मारायचे नाहीत. तुझ्या वयात हा मोह फार होतो. शेवटच्या इंटरव्हलमध्ये १९०सुद्धा धरवत नसतील तर तिथंच थांब आणि घरी ये. ओढूनताणून पुरी केलेली दहा मिनिटं शुक्रवारचं वेळापत्रक बिघडवतात, बाकी काही देत नाहीत. दोनदा वीस मुरलं की कधीमधी दोन मिनिटं २००, एक मिनिट २२० असं आलटून पालटून कर. घाटात कुणी पुढं निघाली तर तिच्या मागं जाऊन परत आपल्या लयीत येता आलं पाहिजे.

बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतकं हळू चालव. दर चौथ्या आठवड्याला सगळं निम्म्यावर आण.

सुरुवात हा तुझा दुसरा दोष. घाटाच्या पहिल्या तीन मिनिटांत २४० वॅट कशाला हवे होते? दिग्गज सायकलपटू एडी मर्क्सनं १९७२मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम केला, तेव्हा सुरुवातच इतकी जोरात केली की वाटेत दहा आणि वीस किलोमीटरचेही विक्रम मोडले. शेवटी ४९.४३१ किलोमीटर भरले, पण उरलेल्या वेळात त्याचे जे हाल झाले ते जगजाहीर आहेत. आणि तो मर्क्स होता. तू पहिली पाच मिनिटं १९०वर जा. बाजूनं कोण जातंय ते बघूच नकोस.

आता खाणं. उपाशीपोटी सायकल चालवायचं खूळ तुमच्या ग्रुपमध्ये शिरलंय असं ताई म्हणाली. कठीण इंटरव्हलच्या दिवशी ते चालणार नाही. रविवारच्या तीन तासांत ताशी साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. महागड्या जेलची गरज नाही: पाऊण लिटरच्या बाटलीत साठ ग्रॅम साखर, लिंबू, चांगलं चिमूटभर मीठ. किंवा दोन केळी आणि चिक्कीची वडी, वर साधं पाणी. पहिल्या अर्ध्या तासातच सुरू कर. भुकेची वाट पाहिलीस तर उशीर झालेला असतो. मग तिसऱ्या तासात, पाय जड झालेले असताना, वीस मिनिटं १९५वर धर. ताज्या पायांनी केलेल्या २१०पेक्षा मला त्या वीस मिनिटांचं कौतुक जास्त आहे.

ट्रेनरवर बसशील तेव्हा समोर टेबलफॅन लाव. बंद खोलीतल्या उकाड्यानं ठोके चढतात आणि आपण तंदुरुस्तीला दोष देत बसतो. पॉवर मीटर दर वेळी निघण्याआधी शून्य करून घे.

पुढची फाइल पाठवताना नुसती सरासरी कळवू नकोस, शेवटच्या दहा मिनिटांतले ठोके आणि केडन्स वेगळे काढून ठेव. आणि काय खाल्लंस ते खरं लिही.

तुझी,
मावशी